गालिचे अन् घोंगड्यांना कसर लागलीय, रविवारी गच्चीवर या

मंडळी नमस्कार, हॉलमधला मोठा लोकरी गालिचा उलटवून बघितला तर कपाटाखाली दबलेल्या भागात कसर लागलीय, लोकर जागोजाग उडालीय अन् केसाळ अळ्यांच्या रिकाम्या काती चिकटल्यात. उडणारं पाखरू दिसलं की आपण चप्पल घेऊन धावतो पण ते लोकर खात नाही, खाते ती त्याची अळी, अन् ती अंधारात, जिथं झाडू पोचत नाही तिथंच बसते. लोकर, रेशीम, पिसं हे तिचं खाणं, त्यात घामाचा नाहीतर चहाचा डाग असला की मग बघायलाच नको.

रविवारी सकाळी ८ वाजता सगळे गालिचे गच्चीवर घेऊ, दोन्ही बाजूंनी झटकू, व्हॅक्युम ज्यांच्याकडं आहे त्यांनी आणा, अन् त्याची पिशवी लगेच बाहेर रिकामी करा, नाहीतर अंडी परत घरातच. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हासारखं फुकटचं औषध नाही, फक्त पक्का रंग नसलेलं सामान जास्त वेळ ठेवू नका. घरच्या घोंगड्या पण आणा, पाऊस लागायच्या आत हे उरकलं पाहिजे.

ठेवताना पूर्ण वाळलेलं, सुती चादरीत गुंडाळून, भिंतीपासून जरा लांब. कडुलिंबाचा पाला टाका हवं तर, पण नुसत्या त्याच्यावर भरवसा नको. डांबरगोळ्या बंद ट्रंकेतच, उघड्यावर अजिबात नको, लेकरं गोळी समजून तोंडात घालतात. सतरंज्या सुती आहेत, त्यांना ही कसर सहसा लागत नाही, तिथं वाळवी बघा.