हवा चोरणारी नळी शोधून देणाऱ्यांचे आभार

सेकंडहँड घेतलेली माझी दोन दारांची स्पोर्ट्स कार सिग्नलला उभी राहिली की हुडहुडी भरल्यासारखी थरथरायची. प्लग बदलले, कॉइल बदलले, खिसा रिकामा झाला. तरी आरपीएमचा (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्यांचा) काटा ८०० वर ठरेना. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा किती जास्त-कमी इंधन सोडतोय तो आकडा, आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) अधिक २२ टक्के, २५०० आरपीएमला जेमतेम ४. आकडे बघताच मेकॅनिक काका, तुम्ही म्हणालात, "कुठून तरी हवा खातेय." इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेत, धूर सोडलात आणि मॅनिफोल्डखालच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाखालच्या) बोटभर रबरी नळीतून बारीक धार निघाली. सेन्सरने न मोजलेली हवा तिथूनच आत जात होती! नळी दीडशे रुपयांची. मजुरी विचारली तर चहावर भागवलंत. काका, तुमचे आणि तासभर टॉर्च धरून वाकलेल्या त्या पोराचे मनापासून आभार. कॉइलचे पैसे मात्र अजून आठवतात.