मोहीम सुरू असतानाची मुलाखत छापावी

संपादक महोदय,

ध्रुवीय मोहिमांवरून परतलेल्यांच्या मुलाखती आपण छापता. परंतु मोहीम सुरू असतानाच एखाद्या विद्यार्थ्याने उपग्रह फोनवरून घेतलेली मुलाखतही आपण आवर्जून छापावी, अशी माझी विनंती आहे. रोआल्ड आमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले, पण ही वार्ता जगाला मार्च १९१२ मध्ये, त्यांचे जहाज ऑस्ट्रेलियातील होबार्ट बंदराला लागल्यावरच कळली. बर्फावरच्या तंबूतून बोलणाऱ्याला मात्र मोहिमेचा शेवट ठाऊक नसतो, आणि म्हणूनच त्याचे बोलणे मला अधिक मोलाचे वाटते. ध्रुवीय उन्हाळ्यातल्या अखंड उजेडात झोप कशी लागते, कपड्यांतला घाम गोठतो का, हे मुलेच निःसंकोच विचारतात. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून प्रश्न मोजके असावेत. उत्तरे मात्र काटछाट न करता छापावीत.

– एक वाचक