नवे टायर सड्यावर तपासा, डांबरावर नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरला की रत्नागिरी-सिंधुदुर्गात सायकल फेऱ्यांना जोर येतो आणि त्याआधी अनेक जण एमटीबीला (माउंटन बाइकला) नवे टायर घालून घेतात. चांगले टायर काही स्वस्त नसतात. तरीही दुकानातल्या कॉम्प्रेसरने टणक हवा भरायची, डांबरावर एक चक्कर मारायची की झाली तपासणी! मग पहिल्याच कातळसड्यावर, म्हणजे जांभा दगडाच्या उघड्या पठारावर, चाक उसळतं, वळणावर घसरतं, ट्यूब फुटते आणि दोष टायरच्या माथी येतो. बहुतेक वेळा चुकलेली असते ती हवा.

टायरच्या कडेला छापलेला ‘कमाल 65 पीएसआय’सारखा आकडा (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजण्याचं एकक) ही मर्यादा आहे, शिफारस नव्हे. जांभा सच्छिद्र आणि खडबडीत असतो, त्याच्या कडा धारदार. टणक टायर प्रत्येक खळग्यावर उडतो. तो हवेत असतो तेवढा वेळ ना पकड, ना ब्रेक. ट्यूब असलेला 2.25 इंची टायर आणि साधारण 70 किलोचा स्वार असेल, तर पुढे 28 आणि मागे 32 पीएसआयपासून सुरुवात करावी. मागच्या चाकावर भार जास्त, म्हणून तिथे हवा थोडी जास्त. मग तोच एक-दोन किलोमीटरचा टप्पा पुन्हा पुन्हा घ्यावा आणि दर वेळी 2 पीएसआय कमी करावेत. रिम दगडावर खटकन आपटली किंवा वळणावर टायर बाजूला लोळल्यासारखा वाटला की थांबावं आणि 2 पीएसआय परत भरावेत. तो आपला आकडा. तो लिहून ठेवावा आणि दर वेळी त्याच गेजने (दाबमापकाने) मोजावा, कारण दोन गेज क्वचितच एकसारखे दाखवतात. अंगठ्याने दाबून काही कळत नाही.

पंक्चर झालंच तर ट्यूब नीट पाहावी. शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटली, म्हणजे हवा कमी होती. एकच बारीक छिद्र असेल तर बहुधा करवंदीचा काटा. तो टायरमध्येच अडकलेला असतो. टायरच्या आतून फडकं फिरवून तो शोधल्याशिवाय नवी ट्यूब घातली, तर तीही जाते. टायरची बाजू जांभ्याने चिरली तर नुसता पॅच पुरत नाही, चिरेतून ट्यूब फुगून बाहेर येते. जुन्या टायरचा बोटभर लांबीचा तुकडा पिशवीत असावा. तो आतून लावला की घरी पोचता येतं.

टायर बसवतानाही घाई नडते. कडेवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेला असावा. ट्यूबमध्ये आधी किंचित हवा भरावी, म्हणजे ती पिळत नाही. टायरची शेवटची कड व्हॉल्व्हजवळ चढवावी. शेवटी रिमलगतची बारीक रेघ चाकभर सारख्या अंतरावर आहे का ते पाहावं. एका जागी आत गेली असेल तर हवा सोडून पुन्हा बसवावा. ट्यूबलेस (बिनट्यूबचे) टायर वापरणाऱ्यांनी 29 इंची चाकात साधारण 100 मिली सीलंट, म्हणजे छिद्र आपोआप बुजवणारा द्रव, घालावं आणि आपल्याकडच्या उष्म्यात ते दोन-तीन महिन्यांनी तपासावं. ते सुकलं तर छिद्र बुजवणार कोण?

टायरच्या नक्षीबद्दलही एक सांगणं आहे. उंच, विरळ नॉबचा (रबरी उंचवट्यांचा) टायर चिखलात चिकण माती झटकतो, पण कोरड्या कातळावर तेच नॉब दुमडतात. जांभ्यावर मध्यम उंचीचे, मध्ये दाट आणि कडेला भक्कम नॉब बरे. जास्त पकडीचा, मऊ रबराचा टायर नेहमी पुढे घालावा. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं की माणूस खालीच. आणि शेवाळलेल्या ओल्या पाखाडीवर (दगडी पायऱ्यांच्या वाटेवर) कुठलाच टायर धरत नाही, हे विक्रेत्यांनीही स्पष्ट सांगावं. तिथे उतरून चालत जावं.

तालुक्या-तालुक्यांत सायकल फेऱ्या भरवणाऱ्या मंडळांना विनंती, की हेल्मेटबरोबर निघण्याच्या जागी एक पंप आणि एक गेज ठेवा आणि प्रत्येकाची हवा मोजूनच सोडा. चाचणीसाठी सडा निवडताना कातळशिल्पांपासून, म्हणजे कातळावर कोरलेल्या प्राचीन चित्रांपासून, दूर राहा. कोकणातली ही शिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आहेत. त्यांच्या रेषा उथळ असतात, वरून पाणी किंवा गवत असलं तर दिसतही नाहीत आणि सगळीकडे कुंपण नाही. वस्तीकडे जाणारी रुळलेली गाडीवाट घ्या, मोकळ्या कातळावर सायकली घालू नका.

आपला,
एक सायकलस्वार वाचक, रत्नागिरी