श्वान पथकाचा सत्कार करायचा तर

बार्शी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या मंडळाने सोलापूर शहर पोलिसांच्या श्वान पथकाचा सत्कार करायचं ठरवलं, हे फार चांगलं झालं. पण फोनवर सांगितलास तो बेत, म्हणजे 1 मे, दुपारी चार, लेझीम, फटाके, हार, पेढे, हा नगरसेवकाच्या सत्काराचा बेत आहे. कुत्र्याला त्यातलं काहीही चालत नाही.

आधी तारीख. मे महिन्यात सोलापुरात पारा सहज बेचाळीसच्या वर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकूनच तो अंग थंड ठेवतो. त्याच्या अंगाचं तापमान एरवी 38.3 ते 39.2 सेल्सिअस असतं. ते 41 वर गेलं की उष्माघात, आणि मग घटकाभरात जीवावर बेततं. डांबरावर हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघ. तुला सोसवत नसेल तर त्याचे पंजेही भाजणार. शिवाय 1 मेला पोलिसांना बंदोबस्त असतोच. त्यापेक्षा जानेवारीत करा. 2 तारखेला पोलीस स्थापना दिन, पुढे 8 पर्यंत सप्ताह. त्या आठवड्यात पोलीस लोकांसाठी कार्यक्रम घेतातच. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा लागली की मात्र कुणाला सवड मिळणार नाही. अर्ज पोलीस आयुक्तांच्या नावे द्या. हँडलरला, म्हणजे कुत्रा सांभाळणाऱ्या पोलिसाला, परस्पर बोलावून त्याची पंचाईत करू नका. आयत्या वेळी कॉल आला तर पथक निघून जाईल, त्यावर रुसायचं नाही.

लेझीम-हलगी नको आणि फटाके तर अजिबातच नकोत. बॉम्बशोधक कुत्र्याला स्फोटकांच्या वासाची शिकवण असते, आणि फटाक्यातही दारूच असते. वास लागला की भुंकायचं नाही, पंजा मारायचा नाही, गपचूप बसायचं, असं त्याला शिकवलेलं असतं. स्फोटकाला धक्का लागला तर काय होईल ते सांगायला नको. मांडवामागे फटाक्यांची खोकी ठेवलीत आणि तो तिथे जाऊन बसला, तर ‘किती शिस्तीचा’ म्हणून टाळ्या पडतील. हँडलरचा चेहरा तेवढा बघ.

खायला कुणीही काही द्यायचं नाही. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, आणि आपल्याकडे बेदाणा घरोघरी. चॉकलेट विषारी. शेंगाचटणीतला लसूणही वाईट. त्यातून परक्याच्या हातचं खायची सवय लागली तर पुढे कुणीही तुकडा टाकून त्याला भुलवेल. त्याचं बक्षीस म्हणजे त्याचा चेंडू, काम फत्ते झाल्या झाल्या, हँडलरच्याच हातून. दहा मिनिटांनी दिला तर तो कशाबद्दल मिळाला हे त्याला कळत नाही.

आता मानपत्र. ‘अमुक श्वानाने खुनी पकडून दिला’ असं लिहू नका. माग काढणारा कुत्रा दिशा दाखवतो, गुन्हा शाबीत करत नाही. कुत्र्याची उलटतपासणी होऊ शकत नाही, म्हणून साक्षीला हँडलर उभा राहतो, आणि नुसत्या मागावर फारसं विसंबता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात म्हटलंय. म्हणून कुठून कुठपर्यंत माग काढला आणि तिथे पुढे काय सापडलं, एवढंच नेमकं लिहा. मुंबई पोलिसांच्या झंजीर या बॉम्बशोधक कुत्र्याचं नाव अजून निघतं ते अशा नोंदींमुळेच: 1993 च्या स्फोटांनंतर 3,329 किलो आरडीएक्स, 600 डिटोनेटर, 249 हातबॉम्ब. बीड पोलिसांच्या रॉकी या कुत्र्याने तीनशेहून जास्त प्रकरणांत मदत केली होती. 2020 मध्ये तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली.

‘कुत्रं रस्त्यापर्यंत गेलं आणि घुटमळलं’ असं पेपरात आलं की लोक हसतात. खरं तर तिथेही माहिती मिळालेली असते. माणूस तिथे गाडीवर बसला असणार, म्हणजे कॅमेरे तिथून पुढचे तपासायचे. माग म्हणजे अंगावरून झडलेल्या त्वचेच्या बारीक कणांचा वास, त्यात तुडवलेल्या मातीचा आणि गवताचा. पहाटेच्या ओलाव्यात तो टिकतो, दुपारच्या उन्हात उडतो, डांबरावर तर फारसा धरत नाही. पण उन्हापेक्षा जास्त नासाडी माणसं करतात. चोरी झाली की गल्लीतली पन्नास जणं आत जाऊन बघतात, तुटलेलं कुलूप हातात घेतात, कुणीतरी फरशीही पुसून काढतं. भाषणं करायचीच असतील तर एकाने एवढंच सांगावं: पथक येईपर्यंत आत जाऊ नका, चोराने हाताळलेल्या वस्तूला हात लावू नका, पडलेली चप्पल तशीच राहू द्या.

मान हँडलरलाही बरोबरीने द्या, आणि दोघांना. एका कुत्र्याला बहुधा दोघे असतात. एक रजेवर गेला की दुसरा सांभाळतो, आणि सत्काराला मात्र फोटोत दोघांपैकी एकच दिसतो. रोज खरारा करताना कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड बघायचे. चुकून राहिले तर गोचीड-ताप येतो, रक्तातल्या प्लेटलेट घसरतात, नाकातून रक्तही येतं. सणावारीही हे चुकवता येत नाही.

शाली नकोत. सोलापुरातच राहतोस, जाड टेरी टॉवेल डझनभर घे. अंग पुसायला आणि उन्हाळ्यात ओले करून खाली अंथरायला ते लागतातच. कुत्र्याच्या गळ्यात हार नको, फार तर हँडलरला गुलाबाचं फूल. मानपत्राची एक प्रत आयुक्तालयात देऊन पोच घे, आणि दोघांच्या सेवापुस्तकात नोंद व्हावी अशी विनंती त्याच अर्जात लिही. नावं आणि बक्कल नंबर पथकातूनच तपासून घे.

तुझी,
आई