साथ येण्याआधी संशोधनाची तयारी : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री

विषय : साथीच्या काळात करावयाच्या वैद्यकीय संशोधनाला साथ येण्यापूर्वीच मंजुरी, यंत्रणा आणि निधी देण्याबाबत

महोदय,

सादर नमस्कार.

20 सप्टेंबर 2022 रोजी युगांडाने सुदान विषाणूमुळे होणाऱ्या इबोलाची साथ जाहीर केली. इबोलावरची जी लस तेव्हा मान्यताप्राप्त होती, ती झाईर नावाच्या दुसऱ्या प्रजातीच्या विषाणूसाठी बनवलेली होती आणि सुदान विषाणूपुढे तिचा उपयोग नव्हता. सुदान विषाणूसाठीच्या काही लसींवर प्रयोगशाळांत काम झालेले होते, परंतु माणसांवर चाचणी घेण्याइतके डोस हाताशी नव्हते. चाचणीसाठीचे पहिले डोस देशात पोहोचले ते 8 डिसेंबरला, म्हणजे साथ जाहीर झाल्यानंतर 79 दिवसांनी. तोपर्यंत शेवटचा रुग्ण बरा होऊन घरी गेला होता, निश्चित निदान झालेल्या 142 रुग्णांपैकी 55 जण दगावले होते आणि लस देऊन पाहावी असे कोणी उरलेच नव्हते.

त्याच देशात त्याच विषाणूची साथ 30 जानेवारी 2025 रोजी पुन्हा जाहीर झाली. या वेळी लसीची चाचणी 3 फेब्रुवारीला, अवघ्या चार दिवसांत सुरू झाली. मधल्या दोन वर्षांत विज्ञानाने काही अचाट झेप घेतली होती असे नाही. आधीच्या साथीत उशिरा आलेल्या लसीचे डोस राजधानी कंपाला येथे जपून ठेवलेले होते, चाचणीचा आराखडा लिहून तयार होता, तो राबवणाऱ्यांना प्रशिक्षण दिलेले होते आणि परवानग्या देणारी माणसे त्या कागदांशी परिचित होती. 79 आणि 4 या दोन आकड्यांमधले अंतर म्हणजे शांततेच्या काळात केलेले कंटाळवाणे प्रशासकीय काम होय, आणि त्या कामाविषयीच मी आपल्याला हे पत्र लिहीत आहे.

मी संसर्गजन्य रोगांचा डॉक्टर आहे आणि काही वर्षे एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीचा, म्हणजे माणसांवरील संशोधन नीतीला धरून आहे का हे तपासून त्याला परवानगी देणाऱ्या समितीचा, सदस्य होतो. 2020 साली आमच्यासमोर अनेक रुग्णालयांनी मिळून करावयाच्या एका चाचणीचा प्रस्ताव आला. प्रस्ताव चांगला होता, प्रश्न महत्त्वाचा होता, आणि आमच्या समितीने त्यावर पहिली हरकत घेतली ती संमतिपत्राच्या मांडणीवर. दुसऱ्या रुग्णालयाच्या समितीला तेच संमतिपत्र वेगळ्या नमुन्यात हवे होते. तिसऱ्या ठिकाणी रक्ताचे नमुने कोणाच्या मालकीचे राहतील यावर कायदा सल्लागारांचा पत्रव्यवहार सुरू राहिला. विम्याची कलमे कोणी मंजूर करायची हे चौथ्या ठिकाणी कोणालाच ठाऊक नव्हते. सगळ्या सह्या होईपर्यंत ती लाट ओसरली होती आणि पात्र रुग्ण मिळेनासे झाले होते. त्या दिरंगाईत माझीही सही आहे. कोणी कामचुकारपणा केला असे मला वाटत नाही. जे प्रश्न दोन वर्षांपूर्वी निवांतपणे सोडवता आले असते, ते आम्ही वॉर्ड भरलेले असताना सोडवायला बसलो होतो.

आता उलट उदाहरण पाहावे. ब्रिटनमध्ये कोरोनावरील उपचारांच्या 'रिकव्हरी' या चाचणीच्या आराखड्याचा पहिला मसुदा मार्च 2020 मध्ये लिहिला गेला आणि त्यानंतर नऊ दिवसांत पहिल्या रुग्णाची नोंदणी झाली. माहिती भरण्याचे अर्ज मुद्दाम इतके आटोपशीर ठेवले होते की थकलेल्या निवासी डॉक्टरलाही ते काम जड जाऊ नये. 16 जूनला त्या चाचणीने जाहीर केले की डेक्सामेथासोन या जुन्या आणि स्वस्त स्टेरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरील रुग्णांचे सुमारे एक पंचमांशाने घटतात, मात्र ज्यांना ऑक्सिजनची गरज नाही त्यांना त्याचा फायदा होत नाही. हा शेवटचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. तोवरच्या मार्गदर्शक सूचनांत कोरोनाच्या रुग्णांना सरसकट स्टेरॉइड देऊ नयेत असा सल्ला होता, तर काही डॉक्टर अनुभवाच्या भरवशावर ते सर्रास देत होते. दोन्ही बाजूंकडे तर्क होते. औषध कोणाला द्यावे आणि कोणाला देऊ नये हे त्या तर्कांतून ठरत नव्हते. ते ठरले हजारो रुग्णांच्या काटेकोर तुलनेतून.

महोदय, अशा तुलनेविषयी आपल्यासमोर एक आक्षेप नक्की मांडला जाईल, आणि तो मांडणारी माणसे सहृदय असतील. रुग्ण डोळ्यांसमोर मरत असताना कोणाला औषध द्यायचे आणि कोणाला नाही हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवणे अमानुष आहे, असे ते म्हणतील. मी रुग्णांच्या नातेवाइकांसमोर उभा राहिलेला आहे, त्यामुळे हा आक्षेप मी हलक्याने घेत नाही. पण बरे झालेल्या रुग्णांच्या प्लाझ्माचे काय झाले ते पाहावे. अमेरिकेत ऑगस्ट 2020 पर्यंत 70 हजारांहून अधिक रुग्णांना तो दिला गेला, आणि तुलनेचा गट नसल्यामुळे त्या प्रचंड खटाटोपातून सुरक्षिततेची माहिती मिळाली तरी त्याने जीव वाचतो की नाही याचे खात्रीचे उत्तर मिळाले नाही. भारतात 39 रुग्णालयांनी मिळून केवळ 464 रुग्णांवर केलेल्या यादृच्छिक चाचणीने, म्हणजे उपचार कोणाला द्यायचा हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवणाऱ्या चाचणीने, मात्र काही महिन्यांत दाखवून दिले की प्लाझ्मामुळे मध्यम स्वरूपाचा आजार गंभीर होणे किंवा मृत्यू येणे टळत नाही. पुढे रिकव्हरी चाचणीत 11 हजारांहून अधिक रुग्णांत तेच दिसले : प्लाझ्मा दिलेल्या आणि न दिलेल्या, दोन्ही गटांत 28 दिवसांतील मृत्यूचे प्रमाण 24 टक्केच होते. ज्या कुटुंबांनी प्लाझ्मासाठी रात्ररात्र दात्यांचे फोन नंबर शोधले, त्यांना हे उत्तर लवकर मिळायला हवे होते. उपाय उपयोगी आहे की नाही हे खरोखर ठाऊक नसते, तेव्हा तुलना करणे हीच रुग्णाशी प्रामाणिक राहण्याची रीत आहे, असे माझे मत आहे.

तुलना नसली की पोकळी निर्माण होते आणि ती कोणीतरी भरून काढतो. मे 2020 मध्ये एका नामांकित नियतकालिकात कोरोनासाठी वापरल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधाने मृत्यू वाढत असल्याचे सांगणारा एक लेख आला. त्यात 671 रुग्णालयांतील 96 हजारांहून अधिक रुग्णांची माहिती असल्याचा दावा होता. त्यावर विसंबून जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीत त्या औषधासाठी रुग्णांची नोंदणी थांबवली. दोन आठवड्यांच्या आत तो लेख मागे घ्यावा लागला, कारण मूळ माहिती स्वतंत्रपणे तपासायला कोणालाच मिळाली नाही. घाईच्या काळात तपासणीचे नियम शिथिल करावेत असे सुचवणाऱ्यांना हे प्रकरण जरूर दाखवावे. समितीच्या बैठका रोज घेता येतात, कागद आधी वाचून ठेवता येतात. छाननी मात्र गाळता येत नाही.

आणखी एक अडचण साथीच्या आकाराची आहे, आणि तिच्याकडे धोरण आखणाऱ्यांचे फारसे लक्ष जात नाही. पश्चिम आफ्रिकेतील 2013 ते 2016 च्या इबोला साथीत 28 हजारांहून अधिक लोकांना लागण झाली आणि 11 हजारांहून अधिक दगावले. एवढ्या मोठ्या साथीतसुद्धा झी-मॅप या प्रतिपिंडांच्या (विषाणूला रोखणाऱ्या प्रथिनांच्या) औषधाची चाचणी इतक्या उशिरा सुरू झाली की 200 रुग्णांचे उद्दिष्ट असताना 72 जणच मिळाले. औषध आशादायक दिसले, पण निर्णय देण्याइतका पुरावा जमला नाही. पुढे काँगो लोकशाही प्रजासत्ताकात नोव्हेंबर 2018 मध्ये सुरू झालेल्या चाचणीत, संघर्षग्रस्त भागात, 681 रुग्णांवर चार औषधांची तुलना झाली आणि दोन औषधे स्पष्टपणे सरस ठरली. झी-मॅप त्यांच्या मागे राहिले. तेव्हा प्रत्येक साथीगणिक नवा आराखडा लिहिण्याऐवजी एकच मूळ आराखडा असावा, जो एक साथ संपली की थांबेल आणि दुसरी आली की जिथे थांबला तिथूनच पुढे चालू होईल, वेगवेगळ्या देशांतील रुग्ण एकाच हिशेबात धरील. युगांडाची 2025 ची साथ 12 निश्चित आणि 2 संभाव्य रुग्णांवर आटोक्यात आली. आरोग्यसेवेचे हे यशच आहे, पण इतक्या लहान साथीतून लसीचा निकाल एकट्या देशाला लावता येणे कठीण असते.

लसींबाबत उशिराची किंमत तर मोजता येण्यासारखी आहे. झाईर प्रजातीच्या इबोलावरील जी लस पुढे मान्य झाली, तिने माकडांचे पूर्ण संरक्षण केल्याचे निष्कर्ष 2005 मध्येच प्रसिद्ध झाले होते. माणसांवरील पहिल्या चाचण्या 2014 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाल्या, जेव्हा हजारो माणसे मेलेली होती. मार्च 2015 मध्ये गिनीत रुग्णाच्या संपर्कातील आणि त्यांच्याही संपर्कातील लोकांना वर्तुळाकार पद्धतीने लस देण्याची चाचणी सुरू झाली आणि त्याच वर्षी लस प्रभावी असल्याचे दिसून आले. मधली नऊ वर्षे त्या लसीला ग्राहक नव्हता, म्हणून पैसा नव्हता. ही उणीव भरून काढण्यासाठी 2017 मध्ये 'सेपी' ही आंतरराष्ट्रीय आघाडी उभी राहिली. परंतु आपल्या देशातील रुग्णालयांत कोणती चाचणी किती दिवसांत सुरू होईल, हे बाहेरची कोणतीही आघाडी ठरवू शकत नाही.

संशोधनाचे निष्कर्ष ज्यांच्या रक्तातून आले त्यांच्यापर्यंत ते पोहोचलेच पाहिजेत, याचाही आग्रह आपण धरावा. लायबेरियातील काही लोकांच्या रक्तात इबोलाचे प्रतिपिंड सापडले असून हा देश इबोलाच्या क्षेत्रात धरायला हवा, असे 1982 मध्ये एका युरोपीय नियतकालिकात छापून आले होते. ही गोष्ट आपल्याला कळलीच नव्हती, असे लायबेरियाच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी 2015 मध्ये जाहीरपणे लिहिले, आणि तोवर त्यांच्या देशात हजारो बळी गेले होते. त्या अभ्यासात लायबेरियाचा एकही सहलेखक असता, तर निदान एका माणसाने ती चेतावणी आरोग्य खात्यात नेऊन दिली असती. इंडोनेशियाने 2007 च्या सुमारास बर्ड फ्लूचे नमुने बाहेर पाठवणे थांबवले, कारण आपल्याच नमुन्यांतून बनणारी लस आपल्या लोकांना मिळणार नाही अशी त्या देशाची रास्त भीती होती. त्या वादातून 2011 मध्ये इन्फ्लुएंझाच्या नमुन्यांसाठी आंतरराष्ट्रीय चौकट तयार झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांनी 20 मे 2025 रोजी स्वीकारलेल्या महासाथ करारातही नमुने आणि लाभ यांच्या वाटपाचे परिशिष्ट पुढच्या वाटाघाटींसाठी ठेवावे लागले. तेव्हा नमुन्यांचा करार, त्यातील हक्क आणि सहलेखकत्वाच्या अटी यांचा देशापुरता एक नमुना आपल्या मंत्रालयाने आधीच ठरवून ठेवावा, ही माझी विनंती आहे.

लोकांच्या विश्वासाबद्दल मला सर्वाधिक काळजी वाटते. 1996 मध्ये नायजेरियातील कानो शहरात मेंदूज्वराची साथ चालू असताना एका औषध कंपनीने मुलांवर नव्या औषधाची चाचणी घेतली. पालकांना नीट कल्पना दिली नव्हती, असे आरोप झाले आणि खटले कित्येक वर्षे चालले. 2003 मध्ये त्याच भागात पोलिओ लसीकरणावर बहिष्कार पडला, तेव्हा लोकांच्या संशयामागे ही आठवणही होती. संमतिपत्र रुग्णाच्या भाषेत आणि त्याला समजेल अशा शब्दांत असावे, आणि ते लिहिताना गावातील, वस्तीतील माणसे बरोबर घ्यावीत. इबोलाच्या साथीत अंत्यविधीतून संसर्ग पसरतो हे डॉक्टरांना ठाऊक होते. पण मृताला सन्मानाने निरोप देऊ दिल्याशिवाय घरातले लोक मृत्यू लपवतात, हे समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी आणि धर्मगुरूंनी समजावून दिले. तो अभ्यासही साथीच्या संशोधनाचा पूर्ण हक्काचा भाग आहे. तसेच गर्भवती स्त्रियांना चाचण्यांतून आपोआप वगळण्याची सवय मोडावी लागेल. कोरोनाच्या लसींच्या सुरुवातीच्या मोठ्या चाचण्यांत त्या नव्हत्या, आणि नंतर लस घ्यावी की नाही हा निर्णय लाखो स्त्रियांना पुराव्याविना घ्यावा लागला.

यासाठी नवी इमारत लागणार नाही. विषाणूचे नाव आणि औषधाचे नाव या दोन जागा तेवढ्या मोकळ्या ठेवलेले आराखडे, बहुरुग्णालयीन चाचण्यांसाठी एकच निर्णय देणारी आणि वर्षातून निदान दोनदा सराव करणारी एथिक्स कमिटी, आधीच सह्या झालेले करार, आणि साथ नसताना नेहमीच्या न्यूमोनियावर किंवा तापावर हेच संशोधन करत राहणारे रुग्णालयांचे जाळे, एवढे लागेल. हे जाळे नेहमी वापरात राहिले पाहिजे, कारण फक्त आणीबाणीसाठी राखून ठेवलेली यंत्रणा आणीबाणीतच पहिल्यांदा चालवून पाहिली जाते. निधी एका साथीनंतर उसळतो आणि दोन वर्षांत आटतो. तो अर्थसंकल्पात स्वतंत्र शीर्षाखाली, कायमचा असावा.

माझी आपल्याकडे एकच ठोस मागणी आहे. येत्या तीन महिन्यांत आपल्या मंत्रालयाने एक रंगीत तालीम घ्यावी. एखाद्या सोमवारी सकाळी, पूर्वसूचना न देता, अनोळखी श्वसनविकाराचा काल्पनिक रुग्ण सापडल्याचे जाहीर करावे आणि त्या क्षणापासून यादृच्छिक चाचणीत पहिला रुग्ण नोंदवता येण्याजोगी स्थिती येईपर्यंत प्रत्यक्षात किती दिवस जातात, कोणता कागद कोणाच्या टेबलावर किती काळ राहतो, हे मोजावे. जो आकडा येईल तो जसाच्या तसा जनतेसमोर ठेवावा, आणि पुढच्या वर्षी तीच तालीम पुन्हा घ्यावी. त्या तालमीत एथिक्स कमिटीच्या बाजूने काम करायला मी विनामूल्य तयार आहे, आणि माझ्यासारखे इतरही डॉक्टर पुढे येतील याची मला खात्री आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहत आहे.

आपला नम्र,
संसर्गजन्य रोगांचा एक डॉक्टर