नारंगी फायली भंगारात नकोत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात नातीला सोडायला नाशिकमधल्या एका महाविद्यालयात गेलो होतो. मागच्या आवारात भंगारवाल्याचा टेम्पो भरणे चालू होते. मोडकी बाके, गंजलेली कपाटे, आणि त्यांच्यामध्ये जाडजूड नारंगी फायलींचा ढीग. प्रत्येक फायलीवर सात चौकोनांत सात इंग्रजी अक्षरे : डिजिटल. म्हणजे त्या नावाच्या संगणक कंपनीच्या माहितीपुस्तिका. माझा पाय तिथून निघेना. कार्यालयात चौकशी केली तर उत्तर मिळाले, "ती कंपनीच बुडाली, आता या कागदांचे काय करायचे?" टेम्पोवाल्या दादांनी दोन फायली मला काढून दिल्या. बाकीच्या अंबड लिंक रोडकडे गेल्या. ते उत्तर अजून मनातून जात नाही, म्हणून हे पत्र.

मी सातपूरच्या एका कारखान्यात १९८७ पासून ईडीपी, म्हणजे संगणक विभागात होतो. आमच्याकडे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा मायक्रोव्हॅक्स हा संगणक होता, त्यांच्या व्हॅक्स मालिकेतला लहान. टेबलाच्या उंचीलाही न पोचणारे कपाट, पण पगार, स्टोअर्स आणि टाइम ऑफिस हे सगळे त्याच्यावर चाले. चपला बाहेर काढूनच त्या खोलीत पाऊल टाकायचे. एकदा पगाराच्या आदल्या रात्री माझ्या हातून अख्खी ओव्हरटाइमची फाइल चुकीची सेव्ह झाली. घाम फुटला. पण व्हीएमएस ही त्याची प्रणाली जुनी फाइल पुसत नसे. दर वेळी नवा आकडा लावून नवी प्रत ठेवी आणि आधीची तशीच राहू देई. मागच्या आकड्याची प्रत उघडली, आणि सकाळी कामगारांचे पगार वेळेवर झाले. माणूस चुकणार हे धरून चालणारे ते यंत्र होते. ते सगळे नारंगी फायलींत लिहिलेले होते, आणि आम्ही इंग्रजीचा शब्दकोश शेजारी ठेवून त्या वाचून शिकलो.

१९५७ साली केन ओल्सन आणि हार्लन अँडरसन या दोन अभियंत्यांनी अमेरिकेत मेनार्ड या गावी, लोकरीच्या जुन्या गिरणीत जागा भाड्याने घेऊन ही कंपनी काढली. भांडवल ७० हजार डॉलर. पैसे घालणाऱ्यांना 'संगणक' हा शब्दच नको होता, कारण त्या धंद्यात भलेभले तोट्यात होते. म्हणून यंत्राचे नाव पडले 'प्रोग्राम्ड डेटा प्रोसेसर', म्हणजे पीडीपी. १९६५ च्या पीडीपी-८ ची किंमत १८ हजार डॉलर होती. मोठ्या संगणकाला लाखो डॉलर मोजावे लागत त्या काळात हे यंत्र प्रयोगशाळांना आणि लहान कारखान्यांना परवडले. संगणकाला हात लावायची परवानगी साध्या माणसाला मिळाली ती इथून.

पुढे जे झाले ते आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. युनिक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीची सुरुवात १९६९ मध्ये याच मालिकेतल्या पीडीपी-७ वर झाली, प्रोग्राम लिहायची सी भाषा पीडीपी-११ वर घडली. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी '@' हे चिन्ह वापरून पहिला ई-मेल पाठवला, तो शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन पीडीपी-१० यंत्रांमध्ये. व्हीएमएस रचणारे डेव्ह कटलर १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेले आणि त्यांनी विंडोज एनटी उभी केली. आजची विंडोज तिच्याच वंशातली आहे.

आपल्याकडचे उदाहरण तर रोजचे. रेल्वेचे आरक्षण पूर्वी जाडजूड रजिस्टरांत व्हायचे, गाडीगणिक खिडकी वेगळी. १९८५-८६ च्या सुमारास नवी दिल्लीत सीएमसी या सरकारी कंपनीने संगणकीय आरक्षण सुरू केले, ते याच कंपनीच्या व्हॅक्स-७५० यंत्रांवर. नाशिकरोडच्या खिडकीवर आता तिकीट मिळते तेव्हा त्यामागे कोणाची मेहनत आहे हे रांगेतल्या कोणालाच ठाऊक नसते. ते ठाऊक असायला हवे असे मला मनापासून वाटते.

आता बुडण्याविषयी. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ही कंपनी आयबीएमच्या खालोखाल दुसऱ्या क्रमांकावर होती, लाखाहून अधिक माणसे कामाला. बुडाली ती यंत्रे वाईट होती म्हणून नव्हे. मोठ्या संगणकांचा बाजार खाऊन ज्यांनी लहान संगणक विकले, त्यांनाच त्याहून लहान पीसी येताना नीट ओळखता आला नाही. १९८२ मध्ये त्यांनी एकदम तीन पीसी काढले आणि तिन्हींचे आपसात जुळेना. व्हॅक्सवर नफा इतका होता की स्वस्त यंत्रात जीव ओतायला कोणी तयार नव्हते. नव्वदच्या दशकात अब्जावधी डॉलरचा तोटा आला, वर्षानुवर्षे नोकरकपात न केलेल्या कंपनीने हजारो माणसे घरी बसवली, १९९२ मध्ये ओल्सन पायउतार झाले. अल्फा ही चिप त्याच वर्षीची, त्या काळातली अतिशय वेगवान. तिची ताकद दिसावी म्हणून १९९५ मध्ये अल्टाव्हिस्टा हे शोधयंत्र काढले, गूगलच्याही आधी. तरी कंपनीचे एकेक विभाग विकायला लागले. आरडीबी हे माहिती साठवायचे सॉफ्टवेअर ओरॅकलकडे, डिस्कचा विभाग क्वांटमकडे, चिपचा कारखाना इंटेलकडे. उरलेली कंपनी १९९८ मध्ये कॉम्पॅकने ९.६ अब्ज डॉलरना घेतली, आणि २००२ मध्ये कॉम्पॅकच एचपीत विरघळली. व्हीएमएस मात्र अजून जिवंत आहे. एक लहान कंपनी ती आजच्या इंटेल धाटणीच्या यंत्रांवर चालवते. म्हणजे 'कंपनी बुडाली, कागद फेका' हे उत्तर तंत्राच्या हिशेबानेही चूक आहे.

आपल्या जिल्ह्यात सिन्नरला गारगोटी संग्रहालयात दगड जपले आहेत, अंजनेरीला नाण्यांचे संग्रहालय आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांनी चाळीस वर्षांत जे संगणक वापरले, त्यांची मात्र एक पंच कार्डाची, म्हणजे छिद्रे पाडून माहिती नोंदवायच्या जुन्या कार्डांची, गड्डीसुद्धा बघायला मिळत नाही. संगणक अभियांत्रिकीची मुले फाइलच्या आवृत्त्यांवर परीक्षेत उत्तरे लिहितात, पण ती कल्पना रोजच्या वापरात असलेले यंत्र त्यांनी पाहिलेले नाही. महानगरपालिकेने यशवंतराव चव्हाण तारांगणाच्या आवारात एक खोली द्यावी. महाविद्यालयांनी आणि कारखान्यांनी जुने सामान भंगारात काढण्याआधी तिथे विचारावे. सामानाची यादी करणे, धूळ पुसणे, मुलांना समजावून सांगणे ही कामे आमच्या पिढीतले निवृत्त लोक विनामूल्य करतील. माझ्या ओळखीचे चौघे आजच तयार आहेत.

माझ्याकडे त्या दोन नारंगी फायली, संगणकाच्या टेपची एक कॅसेट आणि व्हीटी-२२० या टर्मिनलचा एक कीबोर्ड आहे. खोली मिळाली की त्याच दिवशी आणून देईन.

आपला,
एक निवृत्त ईडीपी कर्मचारी,
सिडको, नाशिक