दारव्हा रोडवरच्या त्या वायरमन दादांचे आभार

आमची सात सीटर दोन दिवस उभी राहिली की बॅटरी डाऊन, नवीन बॅटरी टाकली तरी तेच, आणि जो तो म्हणे आता अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) बदला. परवा आईला यवतमाळला दवाखान्यात नेताना चहासाठी गाडी बंद केली अन् मंग सेल्फच घेईना. बाजूच्या ट्रॅक्टर दुरुस्तीच्या टपरीवरचे दादा हातातलं काम टाकून आले. आधी आईला आत कूलरसमोर बसवलं, पोराला थंड पाणी आणायला पिटाळलं.

बॅटरीचा निगेटिव्ह काढून मधात मीटर लावला, दाराचं लॉक पेचकसनं दाबून ठेवलं, म्हणजे गाडीला वाटते दार बंद आहे, अन् अर्धा तास नुसतं थांबले. "चाबी लावू नका जी, मीटर उडते!" बंद गाडी 0.42 अँपिअर करंट खात होती! 0.05 च्या आत पाहिजे म्हणे. मंग एकेक फ्यूज काढत गेले, टेपचा काढला अन् आकडा धाडकन 0.03 वर. टेपला बाहेरून बसवलेला अॅम्प्लिफायर (आवाज वाढवणारा डबा) चाबी काढली तरी चालूच राहे, त्याची वायर त्यांनी चाबीच्या लाईनवर घेतली.

पैसे विचारले तर फक्त टेपच्या नव्या फ्यूजचे घेतले. दादा, नाव विचारायचं राहूनच गेलं, लय आभार. आईनं लोणचं काढून ठेवलंय, घेऊन येतो, नाही म्हणू नका.